मधपेटीच्या कपड्यावरची बुरशी आणि माझी चूक



गणपती गेले. पाऊस आता दिवसातनं दोन-चार तास उघडीप देतोय. वरच्या पट्टीतलं भात पोटरीत आलंय, नाचणी बरी आहे, उसाचं पुढच्या नोंदीत लिहीन. आज सकाळी माळ्यावरनं मधपेटीचे कपडे खाली काढले. गेल्या वर्षी याच दिवसांत या कपड्यांपायी आमच्या घरात जे झालं ते लिहीन लिहीन म्हणत वर्षभर टाळलं, कारण चूक माझी होती. पण परवा पन्हाळ्याकडच्या एका पोराचा फोन आला. "काका, ड्रेसवर सगळे काळे ठिपके पडलेत. ब्लीचमध्ये रात्रभर बुडवून ठेवू का?" म्हटलं, बाबा थांब, दोन दिवसांत सविस्तर लिहितो, तोवर कपड्याला हात लावू नको. तर हे त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या बाकीच्यांसाठी.

आमचं गाव भुदरगड तालुक्यात, गारगोटीच्या वर डोंगराच्या अंगाला. इथला पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. मृग लागला की भिंतीला हात लावला तरी हात ओला होतो. मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही, चपलेवर रात्रीत पांढरा भुरा येतो. पेटीतल्या कडेच्या रिकाम्या पोळ्यावरसुद्धा येतो, पण वसाहत दमदार असेल तर माशा तो आपला आपण साफ करतात. माणसाच्या कपड्याला असं कोण साफ करणार?

आमच्याकडे सातेरीच्या बारा पेट्या होत्या. पेट्या माझ्या नावावर, पण खरं सांगायचं तर काम आमच्या हिचं. माझा हात जड. मी फ्रेम उचलली की दोन माशा चेंगरतात आणि मग बाकीच्या अंगावर येतात. ती उचलते तेव्हा माशांना पत्ता लागत नाही. राणीचं घर कुठं बांधायला घेतलंय, कुठली वसाहत फुटायच्या बेतात आहे, हे तिला झाकण उघडल्या उघडल्या कळतं. मला चष्मा लावून सुद्धा दिसत नाही.

तर गेल्या वर्षी मे महिन्यात शेवटचा मध काढला, हिरड्याचा. दुपारपासून वळीव भरून आलेला. शेवटच्या दोन पेट्या राहिल्या होत्या तेव्हा थेंब सुरू झाले. अंगातले सूट घामानं ओले, बाहीला मध, मांडीला मेणाचे तुकडे चिकटलेले, त्यात पावसाचे थेंब. दुसऱ्या दिवशी धूळवाफेची पेरणी होती, ट्रॅक्टर सांगून ठेवलेला. ही म्हणाली, "कपडे धुवून टाकते आधी." मी म्हटलं, राहू दे, नंतर बघू. दोन्ही सूट गुंडाळले, युरियाच्या रिकाम्या पोत्यात कोंबले, तोंड सुतळीनं आवळलं आणि माळ्यावर फेकून दिलं. पोतं प्लास्टिकचं, म्हणजे पावसाचं पाणी आत जाणार नाही असा माझा हिशोब. आतलं पाणी बाहेर कसं जाणार, हे काही डोक्यात आलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी पोतं सोडलं. असा कुबट वास आला की जवळ झोपलेलं मांजर उठून गेलं. पांढऱ्या कापडावर मोहरी उधळावी तसे काळे ठिपके. काखेत, गळ्याला, मांडीला. बाहीवर जिथं मध सांडला होता तिथं तर ठिपके एकमेकांत मिसळून नुसता करडा पट्टा. बुरशीला तरी दुसरं काय लागतं? ओल लागते, बंद जागा लागते आणि खायला काहीतरी लागतं. घाम, मध, पराग आम्हीच वाढून ठेवलेलं होतं. ते संपलं की ती सुती धागाच खायला लागते, हे मला नंतर कळलं.

मी तेव्हा फक्त रंग बघितला. त्याचं कारणही सांगतो. पाटगाव मधाचं गाव झाल्यापासून आमच्याही बाजूला शहरातली माणसं पेट्या बघायला येतात. त्या आठवड्यात पंधरा-वीस जण येणार होते. फोटो काढणार, व्हिडिओ करणार. अशा वेळी बायको काळ्या ठिपक्यांचा सूट घालून उभी राहिली तर कसं दिसेल? ही म्हणत होती, "अवो, दिसायचं काय घेऊन बसलाय, आधी वास तर घालवा." पण ऐकतो कोण.

गारगोटीतनं ब्लीचची बाटली आणली. बाटलीवर किती पाण्यात किती घालायचं ते लिहिलेलं असतं. ते वाचलं नाही. एका बादलीत अर्धी बाटली ओतली आणि दोन्ही सूट जाळीसकट, चेनसकट, इलॅस्टिकसकट रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी बघतो तर ठिपके बरेच गेलेले, पण चेनजवळ तांबूस डाग दिसायला लागलेले. म्हटलं, आता लिंबू चोळू. न धुता, त्याच ओल्या कपड्यावर लिंबू पिळलं.

मंडळी, हे कधीही करू नका. ब्लीचवर लिंबू पडो, व्हिनेगर पडो की संडास धुवायचं ॲसिड पडो, त्यातनं क्लोरीन वायू सुटतो. आमची न्हाणी लहान, खिडकी वीतभर. डोळ्यांतनं घळाघळा पाणी, घसा आवळल्यासारखा, खोकून खोकून जीव जायची वेळ आली. आईनं बाहेरनं दार उघडलं म्हणून मोकळ्या हवेत आलो. संध्याकाळपर्यंत आवाज फुटत नव्हता. तरीही शहाणपण आलं नाही. कपडे खळबळून वाळत घातले आणि पांढरे शुभ्र झाले म्हणून खूष झालो.

पाहुणे आले. हिनं सूट घातला. मी लांबनं माहिती सांगतोय, लोक फोटो काढतायत. तिनं तिसरी पेटी उघडली, फ्रेम वर काढून उन्हाकडे धरली आणि खाली बघायला मान वाकवली. एवढ्यानं गळ्याजवळची जाळी शिलाईतनं उसवली. फाटल्याचा आवाज पण आला नाही. तीन-चार माशा आत गेल्या. एक वरच्या ओठाला, एक डाव्या पापणीला.

लोक पळाले. मीही पाच-सहा पावलं मागं गेलो, हे कबूल करतो. तिनं फ्रेम सावकाश जागेवर ठेवली, झाकण नीट बसवलं, त्यावर दगड ठेवला, आणि मग चेहऱ्यावर हात धरून चालत आंब्याखाली आली. नांग्या तिनंच नखानं काढल्या. तासाभरात डोळा पार मिटला.

दवाखान्यात इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हणाले, श्वासाला त्रास नाही, नुसती सूज आहे, निभावलं. ज्याला डंखानंतर अंगभर गांधी उठतात, धाप लागते, चक्कर येते, त्यानं एक मिनिट पण घालवू नये, सरळ दवाखाना गाठावा. एवढं तरी सगळ्यांनी ध्यानात ठेवा.

दोन दिवस डोळा बंद. ती मला काहीच बोलली नाही. ती फाटकी जाळी तेवढी तिनं स्वयंपाकघराच्या दारातल्या खिळ्याला अडकवली. जेवायला बसलं की समोर जाळी. आणि पेट्यांकडं जायचं तिनं बंद केलं. दसरा झाला, दिवाळी झाली, थंडी पडली, ती काही गेली नाही. "डोळा गेला असता तर?" एवढंच एकदा आईला म्हणाली, ते मी ऐकलं. मी एकट्यानं बघायला लागलो आणि थंडीत तीन वसाहती फुटून उडून गेल्या. बाराच्या नऊ झाल्या.

दिवाळीला मुलगी आली. ती कोल्हापूरला बी.एस्सी. करते. तिनं जाळी हातात घेऊन दोन्ही अंगठ्यांनी ताणली, तर जाळीचे धागे वाळल्या गवतासारखे तुटले. म्हणाली, "पप्पा, ही नायलॉनची जाळी. नायलॉनला क्लोरीनचं ब्लीच चालत नाही, धागाच मरतो. इलॅस्टिकचंही तेच." मग सूट तपासला. माझ्या सुटाचा गुडघा अंगठ्यानं दाबला तर टर्रकन फाटला. बुरशीनं आधीच खाल्लेला धागा, त्यात कडक ब्लीच. सूट पांढरा होता, पण आत जीव नव्हता. तो सूट आता ट्रॅक्टर पुसायला आहे.

तेव्हापासून आमच्या घरात नियम असा की डाग काढायच्या आधी कापड तपासायचं. उन्हाकडे धरून बघायचं, झिरझिरीत झालंय का. अंगठ्यांनी ताणायचं, विशेषतः शिलाईजवळ. तिथं कापड गेलं असेल तर डाग काढत बसण्यात अर्थ नाही.

आता धुवायचं कसं ते सांगतो. ही सगळी पद्धत तिची आहे, मी फक्त लिहितोय.

सगळ्यात आधी डाग कशाचा आहे ते ओळखायचं. काळे-करडे बारीक ठिपके घोळक्यानं असतील आणि कुबट वास असेल तर ती बुरशी. पिवळे ठिपके बहुतेक परागाचे किंवा माशांच्या विष्ठेचे, ते साध्या धुण्यानं आणि उन्हानं बऱ्यापैकी फिके होतात. चेन, हूक किंवा टोपीतल्या तारेजवळ तांबूस डाग असेल तर तो गंज. गंजावर ब्लीच घातलं तर डाग उलट पक्का होतो, माझं तेच झालं होतं. गंजाला लिंबू, मीठ आणि ऊन. पण ब्लीचशी ज्याचा कधी संबंध आलेला नाही अशाच कपड्यावर!

बुरशीचा कपडा घरात झटकायचा नाही. अंगणात, वाऱ्याच्या उलट बाजूला उभं राहून, नाकाला टॉवेल बांधून कोरड्या ब्रशनं झाडायचा. ओला करून घासलं तर बुरशी धाग्यात आणखी खोल जाते. ज्याला दमा आहे त्यानं तर हे काम दुसऱ्याला सांगावं. झाडून झालं की दिवसभर कडक उन्हात, आतली बाजू बाहेर काढून. आमच्याकडं सप्टेंबरात असं ऊन मिळणं म्हणजे लॉटरी, पण वाट बघायची.

मेण लागलं असेल तर ते आधी काढायचं. मेण साधारण 62 ते 64 अंशाला वितळतं, म्हणजे कोमट पाण्यात ते जात नाही, उलट साबण खाली पोचू देत नाही. सुरीच्या बोथट बाजूनं खरवडायचं, मग खाली-वर जुना वर्तमानपत्राचा कागद ठेवून इस्त्री फिरवायची. कागद मेण पिऊन घेतो. शाई उतरते असं वाटत असेल तर कोरा कागद घ्या. मध मात्र साध्या पाण्यात विरघळतो, त्याला काही करावं लागत नाही.

मग जाळी सुटापासून वेगळी करायची. हे फार महत्त्वाचं. जाळीला फक्त थंड किंवा कोमट पाणी, थोडी साबण पावडर आणि मऊ हात. मशीनमध्ये नाही, ब्रश नाही, ब्लीच तर नाहीच. जाळीवर बुरशी असेल तर एक वाटी पांढरं व्हिनेगर चार वाट्या पाण्यात घालून त्यात अर्धा तास ठेवायची, मग तीन पाण्यांतनं काढायची. चायनीजला वापरतात तेच व्हिनेगर, किराणा दुकानात मिळतं. जाळीचा काळा रंगसुद्धा कामाचा असतो, बरं का. काळ्या जाळीतनं आरपार स्पष्ट दिसतं. विटून पांढुरकी झाली की उन्हात ती चमकते आणि फ्रेमवरची अंडी दिसत नाहीत.

सूट सुती असेल तर बादलीभर चांगल्या गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवायचा. त्यानं घाम, तेलकटपणा आणि बराचसा वास निघतो. ते पाणी टाकून द्यायचं. बघितलं तर चहासारखं निघतं. मग ऑक्सिजनचं ब्लीच. हे क्लोरीनवालं नव्हे. ही पांढरी पावडर असते, पाकिटावर बारीक अक्षरात सोडियम परकार्बोनेट असं लिहिलेलं असतं. पाच लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे घालून रात्रभर. पाणी गरमच पाहिजे, थंड पाण्यात ती पावडर आळशी होते. सकाळी हातानं चोळून धुवायचं. ठिपके फिके होतात, एकदा पुन्हा केलं तर आणखी होतात. तिसऱ्यांदा करत बसू नका.

कारण सगळे डाग जात नाहीत. चार महिने मुरलेली बुरशी धाग्यात रंग सोडून जाते. बुरशी मेली, वास गेला, कापड मजबूत आहे, एवढं झालं की करडे ठिपके राहिले तर राहू द्यावेत. माशांना काय त्याचं?

माशांना वासाचं मात्र असतं. म्हणून धुतल्यावर दोन-तीन साध्या पाण्यांतनं काढा आणि ते सुवासिक लिक्विड घालू नका. एकदा माझ्या शर्टाला तसला वास होता तर पेटीजवळ उभं राहता येईना. दुसरा वास त्याहून वाईट. माशी डंख मारते तेव्हा नांगी कापडात राहते आणि तिला पिकल्या केळ्यासारखा वास येतो. तो वास म्हणजे बाकीच्या माशांना निरोप, की इथं मारा. म्हणून डंख बसलेला कपडा तसाच दुसऱ्या दिवशी घालायचा नाही, धुवूनच घालायचा.

चामड्याचे हातमोजे भिजवू नका, कडक होतात. व्हिनेगरच्या पाण्यात फडकं पिळून पुसा, आत कागद कोंबून सावलीत वाळवा. आमची ही हातमोजे घालतच नाही, तो विषय वेगळा.

आता ती परत पेट्यांकडं कशी गेली ते राहिलंच. मी तिला चार वेळा म्हटलं, नवीन सूट आणतो. ती हो म्हणाली नाही. संक्रांत झाल्यावर एक दिवस गारगोटीच्या बाजारातनं तिनं स्वतः काळी जाळी मीटरवर विकत आणली. खिळ्यावरची जुनी जाळी काढून तिचा माप घेतला, नवी कापली. कडेला सुती पट्टी दुमडून दुहेरी शिलाई मारली, मशीनवर एक आणि वरनं हातानं एक. मग डोक्यावर घालून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "ओढा." मी हळूच ओढली. "असं न्हवं. जोरात ओढा." मी दोन्ही हातांनी ओढली. मानेला हिसका बसला, पण जाळी काही सुटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेट्यांकडं गेली. मी मागं मागं गेलो तर म्हणाली, "तुमी हितंच थांबा."

जांभळाचा मध यंदा बरा झाला. हिरड्याचा थोडा कमी. मे महिन्यात शेवटची पेटी काढली त्याच दिवशी संध्याकाळी तिनं दोन्ही सूट सोड्यात टाकले. पेरणीची गडबड यंदाही होतीच, मी काही बोललो नाही. तीन दिवस उन्हात वाळवले, शिवणीतला दमटपणा जायला इस्त्री मारली. युरियाचं पोतं नाही. जुन्या सुती लुगड्यात सैल गुंडाळून चुलीच्या वरच्या अंगाला माळ्यावर ठेवले, तिथं पावसाळाभर ऊब आणि धूर असतो. धुराच्या वासाचं माशांना वावडं नाही, आपण स्मोकर घेऊनच जातो की. लिंबाचा पाला घातला तर कसर लागत नाही, पण बुरशीला त्याचा उपयोग नाही. डांबराच्या गोळ्या मात्र अजिबात नको, त्या माशांना घातक. जुलै-ऑगस्टात जेव्हा जेव्हा ऊन पडलं तेव्हा गुंडाळी सोडून तासभर दोरीवर टाकली.

आज सकाळी खाली काढले. तिनं आधी नाकाला लावून वास घेतला, मग शिवणी ताणून बघितल्या. तिच्या सुटाच्या उजव्या बाहीवर गेल्या वर्षीचा करडा पट्टा अजून आहे, फिका. नवीन ठिपका एकही नाही. माझ्या नव्या सुटाच्या काखेत चार-पाच सापडले, कारण काख नीट वाळली नव्हती. तिनं ते मला दाखवले, सोड्याची पुडी हातात दिली आणि जाळी घेऊन पेट्यांकडं गेली. साखरेचा पाक द्यायचा होता.